सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण काळे पडते आहे; शिवाय पाण्यातील क्लोराइड कसे मोजावे आणि उरलेल्या चांदीचे काय करावे?

रसायन_चेंबूर

नमस्कार. मी चेंबूरमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे सिल्व्हर नायट्रेट आजवर केवळ बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसपुरते, म्हणजे क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ओळखण्यापुरते वापरले जात होते. यंदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आसपासच्या सोसायट्यांमधील बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी आणून त्यातील क्लोराइडचे प्रमाण मोजायचे ठरले आहे. उन्हाळ्यात पालिकेचे पाणी कमी पडले की अनेक इमारतींत हेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि ते मचूळ लागते, ही तक्रार मुले घरातूनच ऐकून येतात.

माझ्या अडचणी अशा आहेत. मागील सत्रात तयार केलेले द्रावण तपकिरी बाटलीत, रबरी बूच लावून, बंद कपाटात ठेवले होते. तरीही त्याच्या तळाशी काळा गाळ बसला आहे आणि बुचाची आतली बाजू काळी झाली आहे. मुंबईच्या दमट हवेचा हा परिणाम आहे का, आणि हे द्रावण वापरता येईल का? दुसरे, आमच्याकडे पंचवीस ग्रॅमची एकच बाटली आहे आणि चांदीचा भाव पाहता दुसरी लगेच मिळेल असे वाटत नाही. तेव्हा किती तीव्रतेचे द्रावण करावे? तिसरे, मागच्या वर्षी दोन विद्यार्थ्यांची बोटे काळी झाली आणि पालकांची चिंता दूर करता करता आमची पुरेवाट झाली. याबाबत आधीच काय सांगून ठेवावे? शेवटचे, प्रात्यक्षिकानंतरच्या परीक्षानळ्या आमच्याकडे सरळ बेसिनमध्ये रिकाम्या केल्या जातात. हे योग्य नाही असे वाटते, पण पर्याय काय ते कोणी नीट सांगत नाही.

ब्युरेट_पिपेट

मॅडम, मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो.

दमट हवेचा यात दोष नाही. सिल्व्हर नायट्रेट हा हवेतील ओलावा फारसा शोषून न घेणारा क्षार आहे, आणि चांदीच्या विद्राव्य क्षारांमध्ये तो हाताळायला सोपा मानला जातो त्याचे हेही एक कारण आहे. शुद्ध स्फटिक नुसत्या प्रकाशानेही सहजासहजी काळवंडत नाहीत. काळे पडण्यासाठी चांदीच्या आयनाला कोणाकडून तरी इलेक्ट्रॉन मिळावा लागतो, आणि तो पुरवणारे सेंद्रिय पदार्थ आपल्या अवतीभवती भरपूर असतात: कागदाचे तंतू, धूळ, बोटांवरचा घाम, आणि तुमच्या बाबतीत रबरी बूच. प्रकाश ही क्रिया वेगाने घडवून आणतो, म्हणून तपकिरी बाटली हवीच. परंतु बाटली तपकिरी असून बूच रबराचे असेल तर अंधाऱ्या कपाटातही हळूहळू काळी चांदी सुटी होत राहते, शिवाय रबरात गंधक असल्यामुळे सिल्व्हर सल्फाइडही तयार होते. काचेचे घासलेले बूच किंवा पॉलिथीनचे झाकण वापरा. याच कारणासाठी रबरी नळी आणि चिमटा असलेली जुन्या पद्धतीची ब्युरेट (द्रावण मोजून सोडण्याची खुणांची काचनळी) या द्रावणाला चालत नाही. काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या तोटीची ब्युरेट घ्या.

आहे ते द्रावण फेकू नका. ते स्थिर होऊ द्या, वरचे स्वच्छ द्रावण सच्छिद्र काचेच्या गाळणीतून गाळून घ्या (फिल्टर पेपर टाळा, कारण कागदही चांदीला क्षपित करतो) आणि ते गुणात्मक चाचण्यांसाठी वेगळे ठेवा. अनुमापनासाठी, म्हणजे किती द्रावण लागले यावरून प्रमाण काढण्यासाठी, वापरायचे असेल तर मात्र त्याची तीव्रता पुन्हा ठरवावीच लागेल, कारण तळाशी बसलेला प्रत्येक कण हा द्रावणातून कमी झालेला आहे.

आता तीव्रतेविषयी. महाविद्यालयांत सवयीने ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे एकक) द्रावण करतात. त्याला लिटरमागे १६.९९ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागते, म्हणजे तुमची बाटली दीड लिटरमध्ये संपेल. पाण्याच्या तपासणीसाठी एवढे तीव्र द्रावण लागत नाही आणि ते सोयीचेही नाही. ५० मिलिलिटर नमुना घेतला तर ०.१ नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम क्लोराइड. थेंब-दोन थेंबांची चूकही उत्तर बरेच हलवते. पाण्याच्या प्रयोगशाळांत ०.०१४१ नॉर्मल द्रावण रूढ आहे. लिटरमागे २.३९५ ग्रॅम, म्हणजे पंचवीस ग्रॅममध्ये दहा लिटरांहून थोडे अधिक द्रावण होते. या विचित्र दिसणाऱ्या आकड्यामागे सोय आहे: याचा एक मिलिलिटर अर्ध्या मिलिग्रॅम क्लोराइडशी क्रिया करतो, त्यामुळे ५० मिलिलिटर नमुन्यासाठी ब्युरेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम. मुलांना कॅल्क्युलेटर न काढता उत्तर दिसते.

द्रावण करण्यापूर्वी पाणी तपासा. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की ते लगेच दुधाळ होते, हे तुम्ही जाणताच. परंतु बॅटरीसाठी मिळणारे कॅनमधले ‘डिस्टिल्ड वॉटर’ही नेहमी विश्वासार्ह नसते. परीक्षानळीत थोडे घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि काळ्या कडाप्प्यासमोर धरून पाहा. किंचितही धूसरपणा दिसला तर ते पाणी या कामाचे नाही. प्रमाणित करण्यासाठी १४० अंश सेल्सिअसला वाळवलेले शुद्ध सोडियम क्लोराइड ०.८२४ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवा. त्याचीही तीव्रता ०.०१४१ नॉर्मल होते. स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ यासाठी वापरू नका.

क्लोराइड मोजण्याची पद्धत मोर या रसायनशास्त्रज्ञाची, १८५६ सालची. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटच्या ५ टक्के द्रावणाचा एक मिलिलिटर घालायचा, म्हणजे पाणी पिवळे होते, आणि मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. आधी पांढरा सिल्व्हर क्लोराइड खाली बसतो. क्लोराइड संपत आला की पुढच्या थेंबाला सिल्व्हर क्रोमेटची विटकरी छटा टिकते. विद्यार्थ्यांना येथे हमखास पडणारे कोडे असे की सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८ × १०⁻¹⁰ आणि सिल्व्हर क्रोमेटचा १.१ × १०⁻¹², म्हणजे क्रोमेटचा अधिक लहान, तरी क्लोराइड आधी का बसतो? क्रोमेटच्या सूत्रात चांदीचे दोन आयन आहेत, त्यामुळे गुणाकारांची थेट तुलना करून चालत नाही. विद्राव्यता काढून पाहिली तर क्लोराइडची लिटरमागे सुमारे १.३ × १०⁻⁵ मोल येते आणि क्रोमेटची सुमारे ६.५ × १०⁻⁵, म्हणजे जवळजवळ पाचपट. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. विद्राव्यता गुणाकाराचा अख्खा धडा त्यात येऊन जातो.

अंतिम बिंदू पाहण्यात माणसामाणसांत फरक पडतो. शंकुपात्राखाली पांढरी टाइल ठेवा. पिवळ्यातून गडद लाल होईपर्यंत थांबू नका. पिवळेपणात पहिली गुलाबी-विटकरी झाक आली आणि ढवळूनही राहिली की थांबा, आणि प्रत्येक नमुन्याला तीच झाक धरा. क्लोराइड नसलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यावरही हीच कृती करून कोरे वाचन घ्या, ते बहुधा ०.२ ते ०.३ मिलिलिटर येते, आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. समजा नमुन्याला ३१.२ मिलिलिटर लागले आणि कोरे वाचन ०.२ आले, तर उरलेले ३१.० मिलिलिटर म्हणजे लिटरमागे ३१० मिलिग्रॅम क्लोराइड.

नमुन्याचा पीएच ७ ते १० च्या दरम्यान असला पाहिजे. आम्लधर्मी पाण्यात क्रोमेटचे रूप बदलते आणि विटकरी रंग उशिरा येतो. फार अल्कधर्मी पाण्यात चांदीचा ऑक्साइड बसू लागतो. चेंबूर-मानखुर्दच्या खाडीलगतच्या बोअरवेलबाबत आणखी एक सूचना. अशा पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्यात सल्फाइड आहे, आणि सिल्व्हर नायट्रेट पडताच पांढऱ्याऐवजी काळपट अवक्षेप येईल. अशा नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक मिलिलिटर टाकून मिनिटभर ढवळा आणि मग अनुमापन करा.

उत्तरांचा अर्थ लावताना भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) पुढे ठेवा: पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, म्हणजे गोड्या पाण्यात समुद्राचे एक टक्का पाणी मिसळले तरी क्लोराइड १९० मिलिग्रॅमने वाढते. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचा आकडा एप्रिल-मे महिन्यांत का चढतो आणि पावसाळ्यानंतर का उतरतो याचा विचार मुलांना यावरून करता येईल. दोन गोष्टी मात्र अहवालात स्पष्ट लिहायला सांगा: पालिकेच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा वास आणि हे क्लोराइड यांचा एकमेकांशी संबंध लावू नये, आणि क्लोराइड कमी आले म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही, कारण जंतूंविषयी ही चाचणी काहीच बोलत नाही.

दुरुस्ती_सल्लागार_माहीम

वरील उत्तर फार उपयुक्त आहे. माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या सल्ल्याचा आहे आणि सिल्व्हर नायट्रेट आमच्याही पेटीत असते, म्हणून प्रकल्पाला जोडता येईल असा एक मुद्दा मांडतो.

टँकरचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते तसेच बांधकामालाही वापरले जाते. आयएस ४५६ (२०००) प्रमाणे सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. सळया नसलेल्या काँक्रीटला ही मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. दोन आकड्यांतला हा फरक सळईमुळेच पडतो. काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून असतो. क्लोराइड तो थर फोडतो, गंज फुगतो आणि प्लास्टरसकट काँक्रीट सुटून पडते. दादर-माहीमच्या समुद्राकडच्या इमारतींच्या छज्ज्यांखाली जे उघडे लालसर लोखंड दिसते त्यामागे खाऱ्या वाऱ्याने आत शिरलेला क्लोराइडही असतो.

तो किती खोल गेला आहे हे पाहण्यासाठी काँक्रीटचा नुकताच फोडलेला पृष्ठभाग धूळ झटकून घेऊन त्यावर ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट फवारतात. बाहेरच्या बाजूला, जेथे क्लोराइड पुरेसा आहे, तेथे पांढुरका पट्टा उमटतो. आतल्या भागात अल्कधर्मी द्रवाशी क्रिया होऊन चांदीचा ऑक्साइड तपकिरी दिसतो. दोन रंगांमधली सीमारेषा पट्टीने मोजायची. ही चाचणी खोली सांगते, प्रमाण सांगत नाही. प्रमाणासाठी काँक्रीटचा भुगा काढून प्रयोगशाळेत अनुमापन करावे लागते. शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइडने ज्या भागाची अल्कता गेली आहे तेथे तपकिरी रंग नीट येत नाही आणि वाचन फसते, म्हणून आम्ही शेजारच्याच तुकड्यावर फिनॉल्फथॅलीन हा अल्कता दाखवणारा दर्शकही फवारतो.

फवारणी हा या रसायनाच्या हाताळणीतला सर्वांत बेफिकिरीचा प्रकार आहे, असे माझे मत आहे. परांचीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर बारीक तुषार उडतात आणि वारा समुद्राकडून येत असतो. गॉगलशिवाय मी कोणालाही ती बाटली हातात देत नाही. विद्यार्थ्यांकडून हा भाग करून घेऊ नये. फोडलेला तुकडा प्रयोगशाळेत आणून, ट्रेमध्ये ठेवून, ड्रॉपरने थेंब सोडले तरी रंग दिसतात.

ओपीडी_परळ

बोटांच्या डागांविषयी मी लिहितो, कारण असे रुग्ण आणि त्यांचे काळजीत पडलेले आईवडील दोन्ही पाहिले आहेत.

त्वचेवर पडलेले द्रावण सुरुवातीला दिसतच नाही. त्वचेतील क्लोराइड आणि प्रथिने यांच्याशी क्रिया होऊन, उजेडात काही तासांनी तो भाग तपकिरी आणि मग काळा होतो. हा रंग चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि तो त्वचेच्या वरच्या, आपोआप झडणाऱ्या थरात असतो. त्यामुळे एक-दोन आठवड्यांत नवी त्वचा आली की तो जातो. पालकांना समजावायचे असेल तर मतदानाच्या शाईचे उदाहरण द्यावे: बोटाला लावल्या जाणाऱ्या त्या शाईत हेच सिल्व्हर नायट्रेट असते, आणि ती साबणाने निघत नाही याचे कारणही हेच आहे. डाग घालवण्यासाठी बोटे दगडाने किंवा ब्लीचने घासू नयेत; त्याने डागापेक्षा त्वचेचे नुकसान अधिक होते. द्रावण पडल्याचे त्याच क्षणी लक्षात आले तर भरपूर पाण्याने धुवावे, डाग फार फिका पडतो. नायट्राइल हातमोजे घातले तर प्रश्नच उरत नाही.

तीव्रतेचा विचार सर्वत्र करावा. नवजात बालकांच्या डोळ्यांना आईकडून होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कार्ल क्रेडे या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटचे २ टक्क्यांचे थेंब वापरात आणले. पुढे ते १ टक्क्यावर आले आणि प्रतिजैविके येईपर्यंत अनेक देशांत टिकले. वर सुचवलेले ०.०१४१ नॉर्मल द्रावण साधारण पाव टक्क्याचे भरते. याउलट घन स्फटिक किंवा तीव्र द्रावण ऊती जाळते. नाकातून वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ त्या रक्तवाहिनीला ज्या काडीच्या टोकाने स्पर्श करतात, त्यावर हेच रसायन असते आणि ते जाळते म्हणूनच उपयोगी पडते. तोच स्फटिक बाटली उघडताना डोळ्यात उडाला तर पारपटलाला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी पापण्या उघड्या धरून साध्या वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. क्लोराइडने चांदी निष्क्रिय होते हे रसायनशास्त्र येथे लावून डोळ्यात मिठाचे पाणी घालत बसू नये. वेळ वाया जातो.

जाता जाता: ‘चांदीचे पाणी’ पिण्याचे जे औषध समाजमाध्यमांवर खपवले जाते त्याच्या वाटेला जाऊ नये. दीर्घकाळ पोटात गेलेली चांदी त्वचेत साठते आणि त्वचा निळसर-करडी होते. तो रंग बोटावरच्या डागासारखा जात नाही, कारण तो आतल्या थरात असतो.

रसायन_चेंबूर

सर्वांचे मनापासून आभार. ०.०१४१ नॉर्मल द्रावणच करणार आहे. उरलेल्या पदार्थांविषयी कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे दोन प्रकारचे सांडपाणी तयार होईल: एक सॉल्ट अ‍ॅनालिसिसचे, ज्यात मुले सिल्व्हर क्लोराइडमध्ये अमोनियम हायड्रॉक्साइड टाकून तो विरघळतो का हे पाहतात, आणि दुसरे मोरच्या पद्धतीचे, ज्यात क्रोमेट असते. दोन्ही एकाच बाटलीत जमवले तर चालेल का?

गाळणी_काळबादेवी

एकाच बाटलीत जमवू नका. मी चांदी गाळण्याच्या व्यवसायात आहे. झवेरी बाजारात आमच्याकडे एक्स-रेच्या जुन्या फिल्म आणि हायपोचे (फिल्म धुण्याच्या रसायनाचे) पाणी येते तसे कधीकधी प्रयोगशाळांचे साके, म्हणजे तळाशी बसलेले गाळही येतात, आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे लिहिलेले नसेल तर तो माल हात लावण्याजोगा राहत नाही.

आधी हिशोब पाहा. सिल्व्हर नायट्रेटमध्ये वजनाने ६३.५ टक्के चांदी असते, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या बाटलीत सुमारे १५.९ ग्रॅम. ती सगळी शेवटी सांडपाण्यातच जाते. कोणतेही महाविद्यालय दरवर्षी एवढ्या वजनाचे पैंजण गटारात टाकणार नाही, पण परीक्षानळीतून टाकते.

मोरच्या पद्धतीचे पाणी प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या बरणीत जमवावे, त्यात थोडे विरल नायट्रिक आम्ल टाकावे आणि मग मिठाचे पाणी ढवळत घालावे. विटकरी सिल्व्हर क्रोमेट मोडून त्याचाही पांढरा सिल्व्हर क्लोराइड होतो. बरणी रात्रभर ठेवली की साका खाली बसतो. वरच्या निवळ द्रवात मिठाच्या पाण्याचा आणखी एक थेंब टाकून पाहा. ढगाळ झाले नाही तर चांदी उतरली. मीठ मात्र मोजून घाला, कारण फार जास्त झाले तर सिल्व्हर क्लोराइड थोडा पुन्हा विरघळू लागतो.

साका उजेडात जांभळट-करडा होईल, त्याने बिघडत काही नाही. तो धुऊन, वाळवून, नाव लिहून साठवा. वाळलेल्या सिल्व्हर क्लोराइडमध्ये ७५ टक्के चांदी असते आणि गाळणारे तो घेतात. त्यापासून धातू काढायचा प्रयोग करायचाच असेल तर जस्ताचा चुरा आणि विरल सल्फ्युरिक आम्ल वापरून करता येतो. हायड्रोजन सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि बर्नर बंद. मला विचाराल तर एवढ्याशा मालासाठी महाविद्यालयाने या फंदात पडू नये.

ब्युरेट_पिपेट

वरच्या उत्तरात साका काढल्यानंतर जो पिवळा द्रव उरतो त्याचे काय, हे राहून गेले, आणि माझ्या मते धोका तेथे अधिक आहे. त्यात सहासंयुजी क्रोमियम आहे, ते कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि मोरच्या पद्धतीत सगळे लक्ष महागड्या चांदीकडे जात असल्यामुळे स्वस्त क्रोमेटकडे दुर्लक्ष होते. आम्लधर्मी द्रवात फेरस सल्फेट घालत राहा, पिवळा-नारिंगी रंग जाऊन हिरवट होईल. मग चुन्याने किंवा सोड्याने पीएच साधारण ८ पर्यंत न्या, म्हणजे क्रोमियम आणि लोह हायड्रॉक्साइडच्या चिखलाच्या रूपात खाली बसतील. तो चिखल वाळवून घातक कचरा म्हणून द्यावा लागतो. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत आणि मुंबई परिसरासाठी तळोज्याला सामाईक विल्हेवाट केंद्र आहे; महाविद्यालयाने एकट्याने जाण्यापेक्षा विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेमार्फत पाठवणे सोपे पडते. क्रोमेट टाळायचेच असेल तर फाजान्सची पद्धत वापरा: दर्शक म्हणून डायक्लोरोफ्लुओरेसिन, आणि अवक्षेपाचा रंग पिवळट-हिरव्यातून गुलाबी होतो. अंतिम बिंदू देखणा येतो, पण तो थेट उन्हात करू नये, कारण या दर्शकामुळे सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाला अधिक संवेदनशील होतो.

आता अमोनियाकडे येतो. तुमच्या संपूर्ण यादीत मला एकच गोष्ट खरोखर भीतिदायक वाटते आणि ती बारावीच्या रोजच्या प्रात्यक्षिकात आहे. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळला की चांदीचा अमोनियायुक्त आयन तयार होतो. अल्डिहाइड ओळखण्यासाठी वापरतात त्या, नळीत चांदीचा आरसा चढवणाऱ्या टॉलेन्सच्या अभिकर्मकातही हाच असतो. हे द्रावण ताजे असताना निरुपद्रवी असते. ते उघडे पडून राहिले, अमोनिया उडून गेला, तर काळा साका तयार होऊ शकतो, ज्याला जुन्या पुस्तकांत स्फोटक चांदी म्हणत. तो मुख्यत्वे सिल्व्हर नायट्राइड असतो, आणि काचकांडीचा स्पर्श झाला तरी फुटू शकतो. टॉलेन्सचे द्रावण त्यात अधिक बदनाम आहे, कारण त्यात अल्कही असते आणि चांदीही जास्त. म्हणून टॉलेन्स प्रत्येक वेळी ताजे, लागेल तेवढेच करावे, बाटलीत भरून ‘टॉलेन्स’ अशी चिठ्ठी लावून कधीच ठेवू नये, आणि काम संपताच, त्याच तासात, विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावे. सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या नळ्यांनाही हाच नियम लावा: प्रत्येक टेबलावर विरल नायट्रिक आम्ल असलेले एक चंचुपात्र ठेवा आणि मुलांनी अमोनियाची चाचणी पाहून झाली की नळी त्यातच रिकामी करावी. सिल्व्हर क्लोराइड पुन्हा पांढरा होऊन खाली बसतो, आणि तो क्लोराइडच्या साक्यात जमा करता येतो. शुक्रवारी प्रात्यक्षिक झाले आणि नळ्या सोमवारपर्यंत स्टँडमध्ये राहिल्या, असे आपल्याकडे सर्रास घडते. तेवढे होऊ देऊ नका. अशा जुन्या, वाळलेल्या, काळ्या नळ्या कपाटात सापडल्याच तर त्या खरवडू नका, हलवू नका, आणि विभागप्रमुखांना कळवून जाणकाराला बोलवा.

टॉलेन्सच्या चाचणीत आरसा चढलेल्या नळ्या नायट्रिक आम्लाने साफ करतात, ते ठीक आहे. पण त्यानंतर नळी लवकर वाळावी म्हणून ती स्पिरिटने खळबळण्याची सवय काही सहायकांना असते. चांदी, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल या तिघांपासून सिल्व्हर फुल्मिनेट तयार होतो, जो फटाक्याच्या ‘पॉप-पॉप’ पुड्यांत असतो. नळी आधी भरपूर पाण्याने धुवावी, आणि स्पिरिटची बाटली त्या टेबलावर नसावीच. तसेच मॅग्नेशियमची पूड आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या मिश्रणावर पाण्याचा थेंब टाकून झोत उडवण्याचे व्हिडिओ मुले पाहतात आणि करून दाखवा म्हणून मागे लागतात. ते दाखवू नये. स्फटिकांची बाटली कुलपात, अमोनिया, अल्कोहोल आणि धातूंच्या पुडींपासून वेगळ्या फळीवर ठेवावी. सांडलेली पूड कोरड्या कागदाने टिपून कचरापेटीत टाकू नये, कारण हा ऑक्सिडीकारक क्षार आहे. सांडल्या जागी मिठाचे पाणी ओतावे, पांढरा साका ओल्या फडक्याने उचलावा आणि तेही चांदीच्या बरणीत टाकावे.

रसायन_चेंबूर

अमोनियाच्या नळ्यांबाबत आजच सहायकांशी बोलले; प्रत्येक टेबलावर आम्लाचे चंचुपात्र ठेवण्याची व्यवस्था या सत्रापासून होईल. एक शेवटची शंका: त्या चंचुपात्रात ब्रोमाइड आणि आयोडाइडच्या नळ्याही रिकाम्या केल्या तर साका गाळणाऱ्यांना चालेल का?

गाळणी_काळबादेवी

चालेल, पण आयोडाइडचा पिवळा साका वेगळ्या बाटलीत ठेवलात तर बरे. जस्ताने तो क्लोराइडइतक्या सहज उतरत नाही आणि भट्टीत आयोडीनचा जांभळा धूर सुटतो. ब्रोमाइड क्लोराइडबरोबर एकत्र ठेवायला हरकत नाही. बाटलीवर महिना, वर्ष आणि ‘आम्लधर्मी, अमोनिया नाही’ एवढे ठळक लिहा. त्याशिवाय आम्ही झाकण उघडत नाही.